माया सोडून कापा

तुमचे शिवणमंडळ इतकी वर्षे भांडणावाचून कसे चालले, असे लग्नकार्यात भेटणाऱ्या भगिनी आम्हाला हमखास विचारतात. खरे उत्तर असे की भांडणावाचून ते चाललेच नाही. एकदा तर सात आठवडे बंद होते. ईदला एकमेकींच्या घरी शीरखुर्मा खाणाऱ्या बायका रस्त्यात समोर आल्या तर नुसता सलाम करून पुढे जात होत्या. हे सगळे कागदांनी भरलेल्या एका पत्र्याच्या ट्रंकेवरून झाले. तेव्हा तुमच्यापैकी कोणी असे मंडळ काढायच्या विचारात असेल, तर आमच्याकडे काय काय वाटून घेतले जाते ते सांगूच, पण काय वाटून घेणे जड गेले तेही सांगायला हवे.

आम्ही चिपळूणच्या. सुरुवात झाली २०१६ च्या रमजानमध्ये. त्या वर्षी रमजान जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर आला होता. शाळेचे गणवेश आणि ईदचे कपडे एकाच वेळी टेलरांकडे पोचले, आणि दहाव्या रोजानंतर कोणी नवे कापड हातात घेईना. आमच्यातल्या एकीकडे सासूची जुनी पायमशीन होती, पण तिला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हते. दुसरीने लग्नाआधी शिवणक्लास केला होता, तिच्या घरात मशीन नव्हती. तिसरीच्या कपाटात कापडच कापड! कोकणातल्या घरांची ही जुनी गोष्ट आहे. आखातातला माणूस सुटीवर येताना कापड आणतो, ते सगळ्यांना दाखवले जाते, आणि मग डांबराच्या गोळ्या घालून वर्षानुवर्षे घडीतच राहते. या तिघींनी आणखी तिघींना हाक मारली आणि जुहरनंतर एका पडवीत बसून नऊ मुलांचे कपडे शिवले. एका फ्रॉकची बाही उलटी लागली होती. ईदच्या दिवशी ती कोणाला दिसली नाही, किंवा दिसूनही कोणी बोलले नाही.

ईद झाली तरी शनिवारचे बसणे सुटले नाही. सहाच्या अकरा झालो.

आता वाटून घ्यायच्या वस्तूंबद्दल. पहिली वस्तू कात्री. चांगली जड कात्री प्रत्येकीने घ्यायची गरज नाही, मंडळात दोन पुरतात. मात्र तिने कागद कापायचा नाही, कारण कागदाने धार बोथट होते. आमच्या कापडाच्या कात्रीच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली असते. ती दिसली की मुलेसुद्धा हात लावत नाहीत. दुसरी वस्तू सुया. बारीक जॉर्जेट किंवा बुरख्याच्या निदा कापडाला ११ नंबर, सुती कापडाला १४ आणि जीन्ससारख्या जाड कापडाला १६ किंवा १८. घरात एकच सुई वर्षभर चालवली तर टाके गळतात आणि दोष मशीनला लागतो. प्रत्येक नंबरचे एक पाकीट मंडळाच्या डब्यात असले की कोणाचे अडत नाही. बकरम, काजाचा दोरा, उरेप पट्टीसाठी बाजूला काढलेली तिरकी कापडे, जुन्या कपड्यांची बटणे, चेन, नेफ्याचे इलॅस्टिक हेही सगळे एकत्र. ब्लाउजची हुके मात्र आम्ही वाटून घेत नाही. का, ते माहीत नाही. सुरुवातीला कोणीतरी ‘हुकं आपापली’ म्हटले, ते तसेच राहिले.

इंटरलॉकची मशीन एकटीने घेणे कोणाला परवडणारे नव्हते. तिच्यासाठी भिशी काढली, महिना ३०० रुपये. भिशीत व्याज नाही, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचीही हरकत आली नाही. ही मशीन दर दोन महिन्यांनी घर बदलत असे. जिच्याकडे ती असेल तिने तेल घालायचे आणि शेजारणींना ‘जरा एवढं इंटरलॉक करून दे’ म्हणू द्यायचे, पण पैसे घ्यायचे नाहीत. ही अट पुढे मोडली, ते ओघाने येईलच.

कापडाच्या बाबतीत एकत्र बसण्याचा सगळ्यात मोठा फायदा बुरख्यात होतो. निदाचा पन्हा साधारण ५८ ते ६० इंच असतो. ५४ इंच उंचीचा साधा बुरखा एकटा कापला तर तीन मीटरच्या वर कापड लागते आणि दोन्ही बाजूंनी लांब तिकोनी तुकडे वाया जातात. दोघींचे बुरखे एकत्र कापायला घेतले, एकीची खालची बाजू दुसरीच्या खांद्याकडे केली, की त्या तिकोनांत बाह्या आणि स्कार्फच्या पट्ट्या बसतात. हे एकरंगी कापडालाच चालते. नक्षीला उलट-सुलट असेल, किंवा लव एका बाजूला पडत असेल, तर एक बुरखा दुसऱ्यापेक्षा गडद दिसेल. आमच्या दोघी जावांचे एकदा तसे झाले. आजही दोघी शेजारी उभ्या राहिल्या की कळते.

आणि मग पेपर कटिंग. खरे धन तेच. अंगावर नीट बसलेल्या कमीजचे माप एकदा तपकिरी कागदावर उतरले की पुढे दहा कमीज डोळे मिटून कापता येतात. छाती ३६ असेल तर तिचा चौथा भाग ९, सैलपणाला १ आणि मायेला १, अशी ११ इंचांवर खूण. मुंढा, खांद्याचा उतार आणि गळा हे मात्र हिशेबाने पूर्ण सुटत नाहीत. तिथे ज्या हाताने वर्षानुवर्षे कापड कापले आहे, तोच हात लागतो.

तो हात आमच्या मंडळात आपांचा होता. आपा या आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, आणि शिवणावर घर चालवणाऱ्या त्या एकट्याच. बाकीच्या आम्ही हौशी. वीस-बावीस वर्षांत त्यांनी कमीजची, कळीदार कुर्त्याची, सलवारच्या आसनाची, बुरख्याच्या पाच प्रकारांची, दोन वर्षांच्या मुलापासून बारा वर्षांच्या मुलीपर्यंतची कटिंगे तयार केली होती. दुसऱ्या वर्षी एका शनिवारी त्या रिक्षातून ट्रंक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “घ्या, उतरवून. माझ्या सुनेला यात रस नाही.” आम्ही महिनाभर जमिनीवर ओणव्या बसून कटिंगे उतरवत होतो.

कागदी कटिंग ही काही आमच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नव्हे. १८६३ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांत तयार कटिंगे विकायला काढली आणि घरोघरच्या बायका शिंप्यासारखे कपडे शिवू लागल्या. जर्मनीत १९५० मध्ये निघालेल्या बुर्डा मासिकाने दोनच वर्षांनी अंकासोबत कटिंगे द्यायला सुरुवात केली. जगभरच्या शिवणाऱ्या बायका ते मासिक ओळखतात. पण बटरिकची असो की बुर्डाची, कटिंग विकत मिळत होती. जिने किंवा ज्याने डोके चालवले त्याला चार पैसे पोचत होते. आपांनी आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही, आणि आम्हालाही तो द्यावा असे सुचले नाही. पुढच्या भांडणाचे मूळ तिथेच होते, हे आता कळते.

आमच्यात एक धाकटी भाबी आहे. तिच्या नवऱ्याची आखातातली कंपनी २०१९ च्या सुरुवातीला बंद पडली आणि तो पाच महिन्यांचा पगार तिथेच सोडून घरी आला. भाबीने कोणाला काही सांगितले नाही. तिने शेजारच्या वाडीतून सलवार-कमीजची कामे घ्यायला सुरुवात केली, १२० रुपयांत जोड. आपांचा दर तेव्हा २५० होता. इंटरलॉकची पाळी नेमकी भाबीकडे होती. महिनाभरात आपांच्या तीन गिऱ्हाइकांनी कापड आणणे बंद केले. चौथीने तर घरी येऊन सांगितले, “आपा, तुमच्यासारखंच फिटिंग आहे हो, आणि निम्म्या पैशांत!” आपांनी कमीज हातात घेऊन पाहिले. खांद्याची शिवण अर्धा इंच मागे टाकायची त्यांची पद्धत. फिटिंग त्यांच्यासारखे नव्हतेच, त्यांचेच होते.

पुढच्या शनिवारी आपा आल्या, ट्रंकेला कुलूप लावले आणि ती घेऊन गेल्या. भाबीही यायची थांबली. उरलेल्या आम्ही दोन तट पाडून बसलो. इल्म वाटल्याने वाढतो, तो कुलपात ठेवणे बरे नव्हे, असे एका बाजूचे म्हणणे. त्या बाजूच्या एकीने हे आपांना तोंडावर ऐकवले. आपा म्हणाल्या, “इल्म वाढतो ग, पण माझं गिऱ्हाईक वाढत नाही.” यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या बाजूने भाबीला बोल लावला, तर तिच्या घरी चूल कशावर पेटते हे आमच्यापैकी एकीनेही विचारले नव्हते, असे निघाले.

मार्ग निघाला तो वहीतून. सातव्या आठवड्यात दोघींनाही बोलावले आणि वाद बाजूला ठेवून फक्त हिशेब मांडला. एका जोडाला दोरा, बकरम, सुई, वीज आणि काज-बटण मिळून ३५ रुपये जातात. १२० तून ८५ उरले. कापण्यापासून इस्त्रीपर्यंत चार तास. म्हणजे तासाला २१ रुपये. भाबीने ही बेरीज कधी केलीच नव्हती. जास्त मागायची लाज वाटली म्हणून तिने १२० सांगितले होते. आपा तो आकडा पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढ्यात तर मी उसवूनसुद्धा देत नाही.” हसू आधी भाबीला आले.

तेव्हा ठरले ते असे. घरच्या कपड्यांसाठी कोणतीही कटिंग कोणीही न्यावी. कमाईसाठी शिवायचे असेल तर आपांना सांगावे, आणि मंडळातल्या कोणीही २५० च्या खाली जोड शिवू नये. रमजानमध्ये आपांकडून जी कामे परत जातात ती भाबीकडे जावीत. इंटरलॉकचे पैसे कमाईच्या कामाला जोडामागे १० रुपये, ते भिशीत. यावर आमच्यातली एक मंडळ सोडून गेली. आपण बहिणी म्हणून बसत होतो, आता दुकान झाले, असे तिचे म्हणणे. ते आम्हाला आजही अगदीच चुकीचे वाटत नाही. पण पोटासाठी शिवणारी आणि हौसेसाठी शिवणारी एका चटईवर बसणार असतील, तर दर बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. हौशी बाईने फुकटात शिवून दिलेला कपडा पोटासाठी शिवणारीचा घास काढून घेतो. ही गोष्ट आम्हाला तोवर सुचली नव्हती.

२०२० च्या टाळेबंदीत बसणे बंद झाले. जुन्या सुती दुपट्ट्यांचे तीन थरांचे मास्क शिवले, तेवढेच.

मग २२ जुलै २०२१. आदल्याच दिवशी बकरी ईद झालेली. रात्रभर पाऊस, आणि पहाटे वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. त्या पुराबद्दल सगळ्यांनी वाचले आहे, म्हणून इथे फक्त शिवणाचे सांगतो. आमच्या तीन मशिनी चिखलात गेल्या, आणि आपांच्या पलंगाखाली असलेल्या ट्रंकेत तपकिरी लगदा शिल्लक राहिला. आपांनी तो हाताने काढला नाही. ट्रंक तशीच उचलून अंगणात पालथी केली.

मशिनींचे काय केले ते नीट लिहितो, कारण पूर पुन्हा येतो. चिखल आत असताना चाक फिरवायचे नाही, वाळूने दांडे घासले जातात. आधी स्वच्छ पाण्याने चिखल धुऊन काढा. पाण्यात बुडालेल्याला आणखी पाण्याने काय होणार आहे! मग शटल, बॉबीन केस आणि दात्यांवरची पट्टी खोलून जुन्या टूथब्रशने घासा, कोरड्या सुती कापडाने पुसा. पावसात ऊन नसतेच, म्हणून आम्ही मशिनी चुलीपासून हातभर लांब ठेवल्या. नंतर प्रत्येक सांध्यात रॉकेल सोडून रात्रभर राहू द्या, सकाळी हाताने हळूहळू चाक फिरवा, काळे पाणी निघते ते पुसा, आणि शेवटी मशीनचे तेल. दोन पायमशिनी अशा वाचल्या. एकीचे लाकडी टेबल फुगून फुटले होते, तिला नवी फळी लावली. इंटरलॉक मात्र गेली. विजेची मोटर वायरमनला दाखवल्याशिवाय प्लगला लावायची नसते. ती कोणीतरी चौथ्या दिवशी लावली. कोणी, ते वहीत लिहिलेले नाही.

पुरानंतर गावोगावहून कपड्यांचे ढीग आले. पाठवणाऱ्यांना अल्लाह बरकत देवो, पण त्यात पुरुषांचे जुने शर्ट फार होते आणि अंगावर घालायला काही नव्हते ते मुलांना. मग शनिवार पुन्हा सुरू झाला. मोठ्या शर्टातून चार-पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक छान निघतो. बटणपट्टी उसवायची नाही, तीच फ्रॉकच्या पाठीला घ्यायची, म्हणजे काजांचे काम वाचते. शर्टाची खालची गोलाई तशीच घेर म्हणून राहते. बाह्यांतून फुग्याची बाही निघते. फाटक्या साड्या आणि चादरींच्या गोधड्या झाल्या. त्यांना धावदोरा घालायला मशीन लागत नाही, म्हणून मशिनी वाळत होत्या तोवर तेच काम केले.

पण फ्रॉकांची मापे कुठून आणायची? ट्रंक तर गेली होती. तेव्हा आठवले की गेल्या चार वर्षांत आम्ही उतरवून घेतलेली कटिंगे घरोघर पसरलेली आहेत. उंचावरच्या वाडीत राहणाऱ्या दोघींची कोरडी होती. एक मुंब्र्याला दिलेल्या मुलीकडे गेली होती. कुवेतला असलेल्या नणंदेने आपल्याजवळच्या कटिंगचे फोटो पाठवले, पण फोटो जरा तिरका निघाला की माप फिरते, म्हणून तिला पुन्हा कागदावर टेप ठेवून एकेक आकडा लिहून पाठवायला सांगितले. महिन्याभरात साध्या बुरख्याच्या एकाच कटिंगच्या सहा प्रती जमल्या.

त्या एकमेकींवर ठेवल्या, तर एकीला दुसरी जुळेना! मुंढ्यात पाऊण इंचाचा फरक. कोणी आधीच्या कागदाच्या बाहेरून पेन्सिल फिरवली होती, कोणी आतून. कोणी माया धरून कापले होते, तर कोणी माया पुन्हा वेगळी सोडायची म्हणून शिवणीच्या रेषेवरच कापले होते, आणि कागदावर काहीच लिहिलेले नव्हते. एकीची कटिंग तर दोनदा माया मिळवून गोणीएवढी झाली होती.

आपांनी सहाही प्रती पाहिल्या आणि धाकट्या भाबीची उचलली. तिच्या प्रत्येक कडेवर ‘मायेसह’ किंवा ‘मायेविना’ लिहिलेले होते, उभ्या धाग्याचा बाण होता, तारीख होती. दोन वर्षे त्यावर कमाईचे काम केल्यामुळे ज्या जागी कापड ओढत होते तिथे तिने कागद सुधारला होता. आपांनी टेप लावून दोन जागी खडूने दुरुस्ती केली. मुंढ्यापाशी थांबल्या. तिथे भाबीने त्यांची रेघ बदलली होती. “हे तुझं बरं आहे,” आपा म्हणाल्या, “राहू दे.”

सगळे परत आले नाही. कळीदार कुर्त्याच्या मोठ्या मापाची कटिंग कोणीच उतरवून घेतली नव्हती, कारण आमच्यात तेवढ्या अंगाची कोणी नव्हती. आपांनी ती एका जुन्या कुर्त्याची शिवण उसवून पुन्हा बेतली, पण पहिल्यासारखी नाही, असे त्या स्वतःच म्हणतात.

आता प्रत्येक कागदावर लिहायचे आम्ही ठरवून टाकले आहे: कोणाचे माप, छाती-कंबर-उंची, माया आहे की नाही आणि किती, उभ्या धाग्याचा बाण, पन्हा, कापड किती लागले, मूळ कटिंग कोणाची आणि कोणी उतरवली. वर्तमानपत्रावर कटिंग करायची नाही, शाई पांढऱ्या कापडाला लागते. सुती कापड आधी भिजवून मगच कापायचे. मुलींच्या कपड्यांत कडेला दीड इंच माया ठेवायची, दरवर्षी थोडी उसवता येते. प्रत्येक कटिंगच्या निदान तीन प्रती, आणि त्यातली एक चिपळूणबाहेर.

दर दरवर्षी शाबानमध्ये ठरतो. इंटरलॉकसाठी नवी भिशी काढली, तिचे शेवटचे हप्ते चालू आहेत. ट्रंक नवी घेतली, ती आता माळ्यावर असते. दर शनिवारी ती उतरवायला शिडी लावावी लागते. आपांचे गुडघे दुखतात, म्हणून वर भाबी चढते, आणि आपा खालून शिडी धरतात.